कादंबरी समजावी म्हणून मुलांमध्ये वादविवाद: खरंच उपयोग होतो का?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी,

मी दर शनिवारी मुलांचा एक वाचनगट घेते. नऊ मुलं आहेत, वय 11 ते 14, महिन्याला एक कादंबरी. वाचून येतात पण कशी वाटली विचारलं की "छान होती", "बोअर होती", फार तर "शेवट वाईट केलाय". पुढे काही नाही. मी प्रश्न विचारले की परीक्षेसारखी उत्तरं येतात, माझ्या चेहऱ्याकडे बघत, ताईला काय हवंय ते ओळखून.

म्हणून मागच्या महिन्यात वादविवाद ठेवला. त्या कादंबरीत एक मुलगा मित्राने केलेली चोरी लपवतो आणि त्यापायी तिसऱ्याच मुलावर आळ येतो. विषय दिला, 'त्याने लपवलं ते बरोबर की चूक'. दोन गट केले, वेळ लावली, शेवटी टाळ्यांवर निकाल. खोली दणाणून गेली, एरवी तोंड न उघडणारी मुलं तावातावाने बोलत होती, मी जाम खूश. निघताना जिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ताई मी पुस्तक वाचलंच नव्हतं, फक्त मागचं कव्हर वाचलं.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. मुलं बोलली हे खरं, पण कादंबरीबद्दल बोलली का? मैत्री मोठी की खरेपणा मोठा यावर बोलली, ते पुस्तक नसतं तरी बोलता आलं असतं. तुमच्यापैकी कोणी हा प्रयोग केलाय का? कसा करावा, की करूच नये?

पानगळ

न वाचता जिंकली आणि वर येऊन खरं सांगितलं, ही मुलगी मला फार आवडली :)

चूक तिची नाही, प्रश्नाची आहे. 'बरोबर की चूक' विचारलं की मुलं पुस्तक मिटून टाकतात आणि घरी ऐकलेलं बोलतात. एक नियम करा, पान नंबर सांगितल्याशिवाय मुद्दा धरायचा नाही. "मला वाटतं तो घाबरट आहे" चालणार नाही, "पान 43 वर तो दारापर्यंत जाऊन परत फिरतो, म्हणून मला वाटतं" चालेल. आमच्याकडे घरात दोन भावंडांमध्ये हा नियम आहे, भांडणं निम्मी झाली आणि पुस्तकं दुप्पट वेळा उघडली जातात.

पूर्वपक्ष

धागाकर्तीने जे ठेवलं त्याला आपल्याकडे वाद म्हणतच नाहीत. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांना खरं काय ते शोधायचंय, प्रमाण आणि तर्क यांच्या जोरावर. जल्प म्हणजे जिंकायचंय, मग शब्दच्छल चालतो, समोरच्याला कात्रीत पकडणं चालतं. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, नुसतं समोरच्याचं खोडत बसायचं. शाळाशाळांमधून ज्या वादविवाद स्पर्धा होतात ना, त्या बहुतेक जल्प असतात. टाळ्यांवर निकाल लावला त्या क्षणी तुम्ही मुलांना जल्पाला बसवलंत, मग पुस्तक वाचायची गरज कोणाला राहते.

अजून एक. जुन्या ग्रंथात आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि ते इतकं नीट मांडतात की वाचणाऱ्याला क्षणभर तेच पटतं. मग उत्तरपक्ष. मुलांना पहिली शिकवण्याची गोष्ट ही आहे असं माझं मत. आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दात सांग आणि त्याला विचार, बरोबर सांगितलं का मी? तो हो म्हणाला तरच पुढे बोल.

निवांत_वाचक

थोडं विरुद्ध मत. मुळात कादंबरीवर वाद घालायचाच कशाला?

लुईझ रोझेनब्लाट नावाच्या एक अभ्यासक होत्या, वाचक आणि पुस्तक यांच्यात जे घडतं त्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. 1978 च्या पुस्तकात त्यांनी वाचनाच्या दोन तऱ्हा सांगितल्यात. एक, काहीतरी उचलून नेण्यासाठी वाचणं. त्यांचं उदाहरण म्हणजे मुलाने विषारी काहीतरी प्यायलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचतेय, उपाय काय लिहिलाय तेवढंच तिला हवंय. दुसरी तऱ्हा म्हणजे वाचता वाचता जे आत होतं त्यातच राहणं. कथा कादंबरीला ही दुसरी लागते.

आता तुम्ही मुलाला सांगितलं की शनिवारी वाद आहे, मुद्दे काढून आण, की तो पहिल्या पानापासून ते लेबलच वाचणार. पेन्सिल घेऊन, "हे माझ्या बाजूचं, हे त्यांच्या बाजूचं". संध्याकाळचं वर्णन आलं की पान उलटणार कारण त्यात मुद्दा नाही. मी स्वतः शाळेत वक्तृत्वासाठी पुस्तकं अशी वाचलीत, त्यातलं एकही आज आठवत नाही. मुलांना गप्प बसू द्या की. छान होती एवढंच म्हणतोय म्हणजे आत काही नाही असं थोडंच आहे.

खडूफळा

@निवांत_वाचक, तुमचा मुद्दा मनापासून पटतो. म्हणूनच मी बाजू आधी सांगतच नाही. पुस्तक पूर्ण वाचून होईपर्यंत वादाचा विषय गुलदस्त्यात. पहिलं वाचन त्यांचं, दुसरं वाचन वादासाठी, आणि दुसऱ्यांदा पुस्तक उघडायला मुलांना कारण लागतं. ते कारण वाद देतो. नुसतं परत वाचा म्हटलं तर कोण वाचणार.

मी सातवी आठवीला भाषा शिकवतो. करतो कसं ते सांगतो, ही पद्धत डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी बसवलेली आहे, मी आमच्यापुरती थोडी बदलली. चार चार मुलांचे गट. त्यात दोघांना एक बाजू, दोघांना दुसरी, चिठ्ठ्या टाकून, आवडीप्रमाणे नाही. अर्धा तास पुस्तकात शोधाशोध. मग दोन्ही जोड्या मांडतात, एकमेकांना धारेवर धरतात. आणि मग खरी गंमत, मी म्हणतो आता बाजू बदला. आत्तापर्यंत जे खोडत होतात तेच मांडा, आणि समोरच्यांनी मांडलं होतं त्यापेक्षा चांगलं मांडा. पहिल्या वेळी वर्गात नुसता आरडाओरडा झाला, सर हे चीटिंग आहे म्हणून. शेवटी बाजूच सोडून द्यायच्या आणि चौघांनी मिळून एक परिच्छेद लिहायचा ज्यावर चौघांची सही होईल. सगळ्यात कठीण हा परिच्छेद. त्यात "पण", "तरीसुद्धा", "एका अर्थी" असे शब्द येतात, जे त्या मुलांच्या निबंधात वर्षभर कधी दिसले नव्हते.

निकाल नाही, नंबर नाही. निवांत_वाचकांच्या संध्याकाळच्या वर्णनाबद्दल मात्र खरंच माझ्याकडे उत्तर नाही, त्याचं काय करायचं मला अजून सुचलेलं नाही.

गौरीची_आई

माझी मुलगी 9 वर्षांची आहे, हे सगळं तिला झेपेल का? तिला चिठ्ठीत नको ती बाजू आली तर ती रडेल.

खडूफळा

@गौरीची_आई, इतक्या लहानांना बाजू वाटून देऊ नका. खोलीच्या एका भिंतीला 'हो', समोरच्या भिंतीला 'नाही', आणि तिला वाटेल तिथे उभं राहू दे, मध्ये पण चालेल. बोलणं ऐकून मत थोडं हललं तर दोन पावलं सरकायचं. घरात तुम्ही दोघं आणि ती एवढे पुरे. मी मोठ्यांच्या वर्गात पण कधी कधी करतो, कोण कुठल्या वाक्याला सरकलं ते डोळ्यांना दिसतं.

गौरीची_आई

हे मस्तच! आजच करते. आजी पण खेळेल.

रात्रपाळी

माझा अनुभव सांगते. बहिणीची दोन मुलं आणि त्यांचे मित्र असे सहा जण, वय 13 च्या आसपास, सुट्टीत आम्ही मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' वाचली. लिहायला घेतली तेव्हा ती 18 वर्षांची होती आणि 1818 मध्ये पुस्तक आलं तेव्हा 20 ची, हे ऐकून मुलं आधीच सरसावून बसली. बहुतेकांना वाटत होतं फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव. ते बनवणाऱ्याचं, व्हिक्टरचं नाव, बनवलेल्याला कादंबरीत नावच नाही. 'त्याला नाव का दिलं नाही' यावरच पहिला तास गेला.

मग मी विषय ठेवला, इतके जीव गेले त्याला जास्त जबाबदार कोण, बनवणारा की बनवलेला. चौघं राक्षसाच्या बाजूने कारण त्याची स्वतःची कहाणी मध्ये येते, तो झोपडीच्या भिंतीतल्या फटीतून त्या कुटुंबाला बघत भाषा शिकतो, ती प्रकरणं वाचून कोणाचंही काळीज हलतं. जोरात चाललं होतं. आणि सगळ्यात धाकटा, जो तासभर एक अक्षर बोलला नव्हता, तो म्हणाला, पण मावशी हे राक्षस कुठे सांगतोय, हे व्हिक्टर सांगतोय ना की राक्षस असं म्हणाला, आणि ते पण तो जहाजावरचा माणूस लिहितोय बहिणीला पत्रात.

सगळे गप्प. मग पुस्तकं उघडली. शेवटाकडे एक जागा आहे, जहाजावरचा वॉल्टन लिहितो की मी टिपणं काढतोय हे व्हिक्टरला कळलं तेव्हा त्याने ती मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, भर घातली. मुलं हादरली! म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच कागद तपासून दिलेत. त्यावर दुसरीने म्हटलं, मग तर राक्षसाचं बोलणं खरंच असणार, कारण व्हिक्टरला त्याचा राग आहे तरी त्याने ते इतकं चांगलं लिहू दिलं. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय, मला हा मुद्दा कधी सुचला नव्हता.

आपण ज्याला निवेदक म्हणतो, जे शाळेत व्याख्या पाठ करून कधी कळलं नाही, ते त्या पोरांना त्या दुपारी भांडता भांडता कळलं. संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल तर सुरुवातीची पत्रं त्यात आहेत ना तेवढं बघून घ्या, ती काढली असतील तर हा सगळा खेळ जातो.

पानगळ

@रात्रपाळी वा वा वा. वाचनखूण साठवली.

जुनी_वही

रात्रपाळी यांचं वाचून 'श्यामची आई' आठवलं. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते ते प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यावर 'मुलांना मारावं का' असा विषय नेहमी ठेवतात. त्याचं उत्तर आजच्या मुलांना आधीच ठाऊक आहे, पाच मिनिटात संपतं. मी नातवंडांना वेगळं विचारलं. ही गोष्ट सांगतंय कोण? मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या मित्रांना, रात्री. मग आईने स्वतः सांगितली असती तर कशी सांगितली असती?

नातू म्हणाला, आईने त्याला भित्रेपणातून कसं बाहेर काढलं ते सांगितलं असतं. नात म्हणाली, नाही, आईने ही गोष्ट कोणाला सांगितलीच नसती.

दोघांचं त्यावर जेवणापर्यंत चाललं. नात परत परत ती जागा काढून दाखवत होती, श्यामच्या अंगावरचे वळ बघून आईची काय अवस्था होते ती.

निवांत_वाचक

अवांतर: 'श्यामची आई' कादंबरी आहे का? त्या तर आठवणी.

जुनी_वही

साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आठवणींवरच बेतलेली आहे हे खरं. पण सांगणाऱ्याचं नाव श्याम ठेवलं, ऐकणारी मंडळी ठेवली, रात्र पहिली रात्र दुसरी अशी रचना केली. नुसत्या आठवणी सांगायच्या असत्या तर इतका घाट कशाला घातला असता?

पूर्वपक्ष

हाच विषय द्या की मुलांना! 'ही कादंबरी आहे की आठवणी'. दोन्हीकडे भरपूर पुरावा आहे आणि पुस्तक उघडल्याशिवाय एक मुद्दा मिळणार नाही.

अबोली

वाचनमात्र असते, आज लिहितेय कारण एक गोष्ट कोणी बोललं नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत ग्रंथालय सांभाळायचे. आठवीच्या मुलांसोबत एक कादंबरी वाचली, त्यात वडील घर सोडून जातात. आम्ही अभिरूप न्यायालय भरवलं, वडिलांवर खटला. एक वकील त्यांच्या बाजूचा, एक विरुद्ध, साक्षीदार, सगळं. मुलांना खूप आवडलं. वडिलांच्या बाजूचा वकील चिठ्ठीने ठरवला होता आणि तो मुलगा फारच सुंदर बोलला, कर्ज, नोकरी गेली, लाज वाटली, एकेक पान काढून. नंतर कळलं की त्याचे स्वतःचे वडील तेव्हा दीड वर्ष घरी नव्हते. मला माहीत नव्हतं. शाळेला माहीत होतं, पण ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तो नंतर दोन आठवडे ग्रंथालयात आला नाही. मग आला आणि तीच कादंबरी परत घेऊन गेला. त्याला त्रास झाला की बरं वाटलं हे मला आजही सांगता येत नाही, मी त्याला विचारू शकले नाही. पण त्यानंतर मी चिठ्ठ्या टाकताना बाजू नाकारायची मुभा देते, कारण न विचारता. आणि खटला कधीच भरवला नाही. खटल्यात कोणीतरी दोषी ठरावाच लागतो, कादंबरी लिहिणाऱ्याने तीनशे पानं खर्च करून जे सांगितलेलं असतं त्याची आपण एका शब्दात वाट लावतो.

त्याऐवजी मी आता एक प्रश्न विचारते, यांना परत फिरता आलं असतं अशी शेवटची जागा कुठली? पान सांगा. प्रत्येकाचं पान वेगळं येतं. त्यावरचा वाद तास तास चालतो, पण आवाज चढत नाहीत.

खडूफळा

@अबोली, दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद. चिठ्ठी नाकारायची मुभा मी देत नव्हतो, उद्यापासून देणार.

आणि शेवटची जागा कुठली हा प्रश्न घेतोय, आधीच धन्यवाद.

निवांत_वाचक

अबोली यांचा प्रश्न मला पण विचारावासा वाटतोय, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल. यासाठी मुद्दे गोळा करायला लागत नाहीत, परत आत जायला लागतं. असा वाद असेल तर माझा विरोध मागे घेतो. टाळ्यांना विरोध कायम.

मोकळं_आकाश

चर्चा उत्तम. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या अभ्यासकांचं 2011 मधलं म्हणणं इथे जोडतो. माणूस आपल्या बाजूची कारणं शोधण्यात तरबेज असतो, आपल्याच युक्तिवादातली भोकं मात्र त्याला दिसत नाहीत, दुसऱ्याची लगेच दिसतात. म्हणून एकट्याने विचार करण्यापेक्षा दोन मतांची माणसं समोरासमोर बसली तर विचार सुधारतो. एकटा वाचणारा मुलगा स्वतःच्या पहिल्या मतावर खूश राहतो, "तो वाईट आहे", संपलं. समोर कोणीतरी "कशावरून?" म्हणणारं लागतं.

आणि ही कल्पना काही आजची नाही. रोममध्ये मुलांना वक्तृत्व शिकवताना पात्रांच्या जागी उभं करून बोलायला लावत, थोरला सेनेका या रोमन लेखकाने त्याचे नमुने लिहून ठेवलेत. त्यातला एक विषय, जहाजांना वारा मिळावा म्हणून ग्रीक कथांमधल्या ॲगमेम्नॉन राजाने स्वतःच्या मुलीचा बळी द्यावा का. पण ती मुलं वकील आणि राजकारणी व्हायला शिकत होती, तिथे जिंकणं हाच धडा होता. आपल्याला ते नकोय, तेव्हा पद्धत घ्या, हेतू घेऊ नका.

पानगळ

आणि हो, शब्दवेडी, ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत आहे तो प्रश्न ठेवूच नका. मुलं तुमचा चेहरा वाचतात हे तुम्हीच लिहिलंय. तुम्हालाच कोडं पडलं असेल तर चेहऱ्यावर वाचायला काही सापडणार नाही.

शब्दवेडी

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय. 'फ्रँकेन्स्टाइन' घ्यायचं ठरवलंय, पत्रांसकट. पान नंबर, बाजू बदलणं, नाकारायची मुभा, टाळ्या बंद. करून आले की लिहिते.

शब्दवेडी

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.

सगळं जमलं नाही. दोघांनी पुस्तक अर्धंच वाचलं, भाषा जड गेली, त्यांना मी राक्षसाची प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली. बाजू बदला म्हटल्यावर एक मुलगा फुरंगटून बसला तो बसलाच. आणि पान नंबरचा नियम पहिली वीस मिनिटं छळ वाटला, नुसती पानं उलटण्याचा आवाज.

पण मागचं कव्हर वाचून जिंकलेली ती मुलगी. तिला चिठ्ठीत राक्षसाची बाजू आली. तिचा मुद्दा होता की त्याने व्हिक्टरच्या लहानग्या भावाला, विल्यमला मारलं ते रागाच्या भरात, ठरवून नाही, आणि सगळे त्याला हाकलत होते म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी ती पुस्तक घेऊन माझ्या घरी आली. विल्यमच्या गळ्यातलं ते छोटं चित्र राक्षस झोपलेल्या जस्टीनच्या, म्हणजे व्हिक्टरच्या घरी कामाला असलेल्या मुलीच्या, कपड्यात लपवून ठेवतो आणि मग तिला फाशी होते, ते पान उघडून म्हणाली, ताई हे तर रागाच्या भरात नाही, हे त्याने विचार करून केलंय. हे आमच्याच विरुद्ध जातं. समोरच्यांना सापडलेलं नाही. दाखवायलाच हवं का?

मी म्हटलं मला नाही माहीत, तू ठरव. खरंच माहीत नव्हतं.

शनिवारी तिने स्वतःच ते पान समोर ठेवलं. मला वाटलं आता हिची बाजू संपली. तर समोरच्या गटातलाच एक जण म्हणाला, थांबा, पण खरा खुनी कोण याचा अंदाज व्हिक्टरला होता की, आणि तो कोर्टात बसून गप्प राहिला. मग फाशी कोणामुळे? त्यानंतर बाजू बदला असं मला परत म्हणावंच लागलं नाही, कोण कुठल्या बाजूला आहे तेच कोणाला आठवत नव्हतं.

अबोली

वाचून डोळे भरले. तो गप्प का राहिला हे विचारलंत का मुलांना? तो म्हणतो लोक मला वेडा समजतील. ते कारण खरं आहे की तो स्वतःला समजावतोय, यावर मी अजून ठरवू शकलेले नाही.

शब्दवेडी

मी पण नाही. म्हणजे हाच घेते या शनिवारी.